हा आकडा कुठून आला?

व्यवसायासाठी वेब ॲप्लिकेशन बनवताना सगळ्यात शेवटी विचार होतो तो रिपोर्टचा. लॉगिन, मेनू, एंट्रीचे स्क्रीन, मंजुरीचे टप्पे यांवर बैठकांमागून बैठका होतात. आराखड्याच्या शेवटच्या पानावर 'रिपोर्ट्स' असं शीर्षक असतं आणि खाली नुसती नावं. पण ॲप्लिकेशन सुरू झाल्यावर त्यातून बाहेर जातात ते रिपोर्टच. इनव्हॉइस ग्राहकाकडे, थकबाकीची यादी वसुलीवाल्यांकडे, स्टॉकचा गोषवारा गोदामात, महिनाअखेरचं पत्रक ऑडिटरपुढे. स्क्रीनवर काही चुकीचं दिसलं तर माणूस रिफ्रेश करून पुन्हा बघतो. रिपोर्ट हातात आला की तो त्यावर सही करतो. एवढ्यासाठीच रिपोर्टिंगचं टूल निवडण्याच्या कामाला मी मनापासून वेळ देत आलो आहे, आणि दोन-तीन टूल्सच्या सुविधांची तुलना करणारा तक्ता समोर ठेवून अर्ध्या तासात हा निर्णय उरकला जातो तेव्हा मला अस्वस्थ व्हायला होतं.

धंद्यातल्या संगणकाचं आणि रिपोर्टचं नातं फार जुनं आहे. आयबीएमने १९५९ साली १४०१ या संगणकासाठी एक भाषा आणली. तिचं नावच 'रिपोर्ट प्रोग्रॅम जनरेटर', म्हणजे आरपीजी. त्याआधी पंचकार्डांच्या टॅब्युलेटिंग यंत्रांवर तारांच्या जोडण्या करून तक्ते छापले जात, आणि ती पद्धत माहीत असलेल्या लोकांना नव्या यंत्रावर तेच काम करता यावं, हा तिचा हेतू होता. कार्ड वाचायचं, ओळ छापायची. गट बदलला की टोटल काढायची. पान भरलं की नवीन पानावर पुन्हा हेडर. आजही क्रिस्टल रिपोर्ट्स किंवा जॅस्पर ही रिपोर्ट बनवायची टूल्स उघडली की डिझायनरमध्ये आडवे पट्टे दिसतात: रिपोर्ट हेडर, पेज हेडर, ग्रुप हेडर, डिटेल, ग्रुप फूटर, पेज फूटर. साठ वर्षांहून जुनी ही रचना अजून टिकून आहे, कारण हिशोबाचा कागद असाच वाचला जातो. एका माणसाची सगळी येणी एकाखाली एक, त्याखाली त्याची बेरीज, मग पुढचा माणूस.

टूल निवडण्याच्या चर्चेत पहिला घोळ होतो तो इथेच. 'रिपोर्ट' म्हणताना निम्मे लोक डॅशबोर्डबद्दल बोलत असतात. विक्री वर चालली आहे की खाली, कुठल्या विभागात घट झाली, आलेखावर क्लिक केलं की आतला तपशील दिसेल का, असे त्यांचे प्रश्न असतात. त्यासाठी मेटाबेस आहे, २०१५ मध्ये एअरबीएनबीत सुरू झालेलं आणि आता अपाचेकडे असलेलं सुपरसेट आहे, पॉवर बीआय आहे. ही टूल्स शोध घेणाऱ्यासाठी आहेत. ज्याला पुरावा हवा आहे त्याची गरज वेगळी. त्याला ठरलेल्या मापाचं पान हवं, प्रत्येक पानावर हेडर हवा, सहीची जागा तळाशीच हवी, आणि आज काढलेला मार्चचा रिपोर्ट सहा महिन्यांनी काढला तरी तेच आकडे दाखवणारा हवा. मायक्रोसॉफ्टलाही हे दोन रस्ते वेगळे ठेवावे लागले. पॉवर बीआयच्या क्लाउड सेवेत २०१८-१९ मध्ये 'पेजिनेटेड रिपोर्ट्स' हा वेगळा प्रकार आणला गेला, आणि त्याची मांडणी आली ती जुन्या एसएसआरएसच्या, म्हणजे 'एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेस'च्याच घराण्यातून. या दोन गरजा ज्या बैठकीत वेगळ्या केल्या जात नाहीत, त्या बैठकीतून निवडलेलं टूल निम्म्या लोकांना नकोसं होतं, आणि त्यात टूलचा काही दोष नसतो.

मी इथे बोलतो आहे ते दुसऱ्या प्रकाराबद्दल. पानांच्या रिपोर्टबद्दल.

पान हा विषय वेब डेव्हलपरला परका असतो. ब्राउझरमध्ये लांबी हवी तेवढी वाढते, खाली सरकत राहायचं. कागदाला मात्र तळ असतो, आणि तळ आला की प्रश्न सुरू होतात. एका मालाचं वर्णन चार ओळींचं आहे आणि पानावर दोनच ओळींची जागा उरली आहे. ते तोडायचं की अख्खं पुढे ढकलायचं? ग्रुप हेडर पानाच्या अगदी शेवटी आला आणि त्याची पहिली ओळ पुढच्या पानावर गेली, तर? 'पान ३ पैकी ७' छापायचं तर एकूण सात पानं होणार हे तिसरं पान छापताना कसं कळणार? त्यासाठी टूलला संपूर्ण रिपोर्ट आधी मांडून बघावा लागतो, मग मागे येऊन आकडा भरावा लागतो. म्हणजे तेवढी पानं कुठेतरी धरून ठेवावी लागतात. एवढ्याशा 'पैकी'साठी मेमरीचा हिशोब बदलतो.

यांतला माझा सगळ्यात आवडता प्रश्न म्हणजे पुढे नेलेली बेरीज. खतावणीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी 'पुढील पानावर नेले' आणि नव्या पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून आणले', त्याच रकमेसह. हाताने वह्या लिहिणाऱ्या माणसासाठी ही अगदी साधी गोष्ट. टूलसाठी मात्र ही पक्की कसोटी आहे, कारण पान नेमकं कुठे तुटणार हे ठरवणारा आणि बेरीज करणारा एकमेकांशी बोलत असावे लागतात. पट्ट्यांच्या रचनेतल्या टूल्समध्ये हे जमतं, कारण त्यांचं इंजिन पान मोडतानाच बेरीजही सांभाळत असतं. एचटीएमएल बनवून ब्राउझरकडून पीडीएफ काढून घेणाऱ्या पद्धतीत मात्र बेरीज आपण सर्व्हरवर करतो आणि पान ब्राउझर तोडतो. मधल्या कुठल्याच क्षणी ब्राउझर आपल्याला विचारत नाही की आता मी इथे तोडतोय, तुझी रक्कम किती झाली? मग ओळींची उंची स्वतः मोजून पानं स्वतःच पाडावी लागतात, म्हणजे रिपोर्टिंग इंजिनचं काम आपणच करत बसतो.

याचा अर्थ एचटीएमएलचा रस्ता वाईट असा नाही. उलट इनव्हॉइस, पत्र, प्रमाणपत्र, एक-दोन पानांचा गोषवारा अशा कामांना मी तोच रस्ता धरतो. टीममधल्या कुणालाही एचटीएमएल आणि सीएसएस येतं. वेगळा डिझायनर शिकावा लागत नाही. टेबल दुसऱ्या पानावर गेलं तर त्याचा हेडर पुन्हा छापण्याचं काम ब्राउझर करतो. क्रोमच्या १३१ व्या आवृत्तीपासून तर पानाच्या समासात मजकूर आणि पान क्रमांक टाकण्याची सीएसएसमधली सोयही चालू लागली. शिवाय लिपीचा मोठा फायदा. देवनागरीत ऱ्हस्व इकार अक्षरानंतर साठवला जातो आणि दिसतो आधी. जोडाक्षरांत अक्षरांचे आकार बदलतात, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. अरबीत अक्षर शब्दात कुठे आलं त्यावर त्याचं रूप ठरतं. ही जुळणी करण्याचं काम ब्राउझर वर्षानुवर्षं करत आलेत. पीडीएफ बनवणाऱ्या अनेक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, मात्र एका खुणेपुढे दुसरी खूण ठेवण्यापलीकडे जात नव्हत्या. आयटेक्स्टसारख्या नावाजलेल्या लायब्ररीतही अशा लिपींसाठी वेगळं, पैसे मोजून घ्यायचं ॲड-ऑन आहे. तेव्हा ज्या टूलचा विचार चालला आहे त्यात 'कार्यालयीन निर्मिती' आणि 'श्रीकृष्ण' एवढे दोन-तीन शब्द पीडीएफमध्ये काढून बघावेत. नुसतं दिसणं पुरत नाही. ते शब्द पीडीएफमधून कॉपी करून दुसरीकडे चिकटवले तर तसेच येतात का, पीडीएफमध्ये शोधले तर सापडतात का, तेही बघावं. कागदावर शोभून दिसणारा पण शोधता न येणारा मजकूर ऑडिटरच्या काही कामाचा नसतो.

एचटीएमएलच्या रस्त्यावरची एक गोष्ट मात्र विसरून चालत नाही. डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ हे टूल कित्येक व्यावसायिक ॲप्लिकेशन्सच्या पोटात बसलेलं होतं, आहे. ते क्यूटीमधल्या वेबकिट या जुन्या ब्राउझर इंजिनवर उभं होतं, नवी सीएसएस त्याला समजत नव्हती, आणि २०२३ च्या जानेवारीत त्याच्या कोडचं कोठार 'अर्काइव्ह' करून बंद करण्यात आलं. त्याआधी फँटम-जेएस या खिडकीशिवाय चालणाऱ्या ब्राउझरचं तेच झालं. २०१७ मध्ये क्रोमने स्वतःच खिडकीशिवाय, म्हणजे हेडलेस चालायला सुरुवात केली आणि २०१८ च्या मार्चमध्ये फँटम-जेएसचं काम थांबलं. ज्यांचे टेम्प्लेट साधे, स्वच्छ एचटीएमएलचे होते त्यांनी हेडलेस क्रोम चालवणारं पपेटिअर लावलं, थोडं समास-बिमास जुळवलं आणि पुढे गेले. ज्यांनी जुन्या वेबकिटच्या खोडी सांभाळायला जागोजागी मापं ठोकून बसवली होती, त्यांना एकेक टेम्प्लेट उकलावा लागला.

यातून मी रिपोर्टिंगच्या तयार मिळणाऱ्या टूल्सकडे येतो, कारण तिथे हीच गोष्ट अधिक मोठ्या प्रमाणावर घडली आहे. क्रिस्टल रिपोर्ट्स १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं आणि व्हिज्युअल बेसिकसोबत मिळू लागल्यामुळे घराघरांत, म्हणजे ऑफिसा-ऑफिसांत पोचलं. १९९४ मध्ये ते सीगेटकडे गेलं, त्यातून पुढे क्रिस्टल डिसिजन्स ही कंपनी झाली, २००३ मध्ये ती बिझनेस ऑब्जेक्ट्सने घेतली, आणि २००७ मध्ये बिझनेस ऑब्जेक्ट्स घेण्याची घोषणा सॅपने केली. व्हिज्युअल स्टुडिओ २०१० पासून ते सोबत येईनासं झालं, वेगळं उतरवून घ्यावं लागू लागलं. जॅस्परची सुरुवात २००१ मध्ये तेओदोर दांचू या एका प्रोग्रॅमरने केली. जॅस्परसॉफ्ट कंपनी २०१४ मध्ये टिब्कोने घेतली. एक्लिप्सवरच्या बर्ट या रिपोर्टिंग टूलला ॲक्चुएट कंपनीचा आधार होता. ॲक्चुएट २०१५ मध्ये ओपनटेक्स्टकडे गेली. पेंटाहो त्याच वर्षी हिताचीकडे. मायक्रोसॉफ्टचं एसएसआरएस २००४ मध्ये एसक्यूएल सर्व्हर २००० या डेटाबेसची जोड म्हणून आलं आणि वीस वर्षं चाललं. आता एसक्यूएल सर्व्हर २०२५ पासून त्याची नवी आवृत्ती नाही, त्याची जागा पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हरने घेतली आहे.

ही नावं-सालं मी नुसती उजळणी म्हणून मांडत नाही. व्यावसायिक ॲप्लिकेशन दहा-पंधरा वर्षं सहज चालतं. तेवढ्या काळात रिपोर्टिंगच्या टूलचा मालक बदलणार, लायसन्सच्या अटी बदलणार, ज्या प्लॅटफॉर्मवर ते चालतं तो मागे पडणार, हे जवळजवळ धरूनच चालायला हवं. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये काम करणाऱ्यांना हे चांगलंच ठाऊक आहे. व्हिज्युअल स्टुडिओत रिपोर्ट बनवून वेब फॉर्म्सच्या रिपोर्ट व्ह्यूअरमध्ये दाखवणं किती सोपं होतं! पुढे वेब फॉर्म्सच्या जागी एएसपी डॉट नेट कोअर आलं, आणि त्यासाठी तो व्ह्यूअर मायक्रोसॉफ्टने आणलाच नाही. मग टेलेरिक, डेव्हएक्स्प्रेस, ॲक्टिव्हरिपोर्ट्स, स्टिम्युलसॉफ्ट, फास्टरिपोर्ट यांची तुलना सुरू झाली. ही सगळी टूल्स कामाची आहेत, सुविधांत एकमेकांच्या जवळ आहेत. म्हणून मी तुलनेत वेगळाच प्रश्न आधी विचारतो: हे टूल उद्या सोडायचं झालं तर माझ्या हातात काय उरेल?

याचं उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून असतं. रिपोर्टची व्याख्या कशात साठवली जाते ही पहिली. एसएसआरएसची आरडीएल आणि जॅस्परची जेआरएक्सएमएल या दोन्ही एक्सएमएल आहेत, म्हणजे साधा मजकूर. त्या गिटमध्ये, म्हणजे बदलांच्या आवृत्त्या जपणाऱ्या यंत्रणेत, ठेवता येतात, कुणी कुठला रकाना बदलला ते दोन आवृत्त्या शेजारी ठेवून दिसतं, शंभर रिपोर्टांमधला पत्ता एका स्क्रिप्टने बदलता येतो. क्रिस्टलची आरपीटी फाइल बायनरी असते. बदललं आहे एवढं कळतं, काय बदललं ते डिझायनर उघडल्याशिवाय कळत नाही. आरडीएलची रचना तर मायक्रोसॉफ्टने जाहीरच केलेली असल्यामुळे इतर टूल्सनाही ती वाचता येते, आणि एसएसआरएस थांबलं तरी जुन्या आरडीएल नव्या सर्व्हरवर चालतात. हा मुद्दा सुविधांच्या तक्त्यात एखाद्या ओळीत येतो किंवा येतही नाही. माझ्या लेखी त्याचं वजन बारकोडच्या वीस प्रकारांपेक्षा जास्त आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि ती टूलवाल्यांच्या हातात नसून आपल्या हातात आहे: हिशोब कुठे होतो.

एका कामात आमच्याकडे दुसऱ्या कुणी बांधलेली जुनी यंत्रणा आली होती. महिनाअखेरीला अकाउंट्सच्या प्रमुख असलेल्या बाईंनी एक पीडीएफ माझ्यापुढे ठेवली. थकबाकीच्या रिपोर्टमधली एकूण रक्कम आणि खतावणीच्या गोषवाऱ्यातली रक्कम यांत किरकोळ फरक होता.

"हा आकडा कुठून आला, तेवढं सांगा मला," त्या म्हणाल्या.

"मॅडम, फरक अगदी थोडा आहे. राउंडिंगचा असेल."

"असेल म्हणू नका. रक्कम लहान आहे म्हणून मी सोडून देऊ शकत नाही. आज थोडा आहे, कशामुळे आहे ते कळलं नाही तर उद्याचा मोठा फरकही याच्यामागे लपेल. मला सही करायची आहे याच्यावर."

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं, आणि पुढच्या कामात मी ते कायम जवळ ठेवलं. शोध घेतला तेव्हा दिसलं की डेटाबेसमधून येणारी रक्कम वेगळी होती, त्यावर रिपोर्टच्या आत एका फॉर्म्युला फील्डमध्ये व्याज लावलं जात होतं, ते व्याज एका सबरिपोर्टमधून आलेल्या दिवसांवर अवलंबून होतं, आणि छापताना त्या फील्डच्या फॉरमॅटमध्ये पुन्हा राउंडिंग होतं. चार थर, चार ठिकाणी. गोषवाऱ्यात मात्र तेच व्याज ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये काढलं जात होतं. दोन्ही ठिकाणचा विचार बरोबर होता. फक्त विचार दोनदा लिहिला गेला होता.

राउंडिंगचं उदाहरण घेण्यासारखं आहे, कारण ते निरुपद्रवी दिसतं. सी शार्पमध्ये साध्या राउंड फंक्शनला २.५ दिले तर उत्तर २ येतं, कारण नेमका अर्धा आला की ते जवळच्या सम संख्येकडे जातं. एसक्यूएल सर्व्हरच्या राउंडला तेच २.५ दिले तर ३ येतात. कुणीच चुकलेलं नाही, दोन्ही नियम मान्यताप्राप्त आहेत. पण निम्मा हिशोब क्वेरीत आणि निम्मा रिपोर्टच्या एक्स्प्रेशनमध्ये असेल तर एकाच रिपोर्टात दोन नियम चालतात. त्यात प्रत्येक ओळ राउंड करून बेरीज घ्यायची की बेरीज घेऊन एकदाच राउंड करायचं, हा वेगळा निर्णय. आणि तो निर्णय डेव्हलपरने न घेता हिशोब सांभाळणाऱ्या माणसाने घ्यायचा असतो. रिपोर्टिंग टूलच्या डिझायनरमध्ये एका चौकटीच्या प्रॉपर्टीत तो लपून बसला असेल तर त्या माणसाला तो कधी दिसणारच नाही.

म्हणून माझी पद्धत अशी: रक्कम, व्याज, सूट, थकबाकीचं वय, राउंडिंग, सगळं डेटाबेसच्या व्ह्यूमध्ये (म्हणजे तिथे साठवून ठेवलेल्या क्वेरीत) किंवा ॲप्लिकेशनच्या एकाच सेवेत व्हायला हवं. रिपोर्टच्या टूलकडे तयार ओळी जाव्यात. गट पाडणं, गटाची बेरीज, पुढे नेलेली बेरीज, पान, फॉन्ट, रेघा हे टूलचं काम. यापलीकडे टूलला काहीही कळता कामा नये. एवढं पाळलं की अकाउंट्सवाल्यांना तोच व्ह्यू ओळीओळीने उघडून दाखवता येतो, त्याच ओळींवर टेस्ट लिहिता येतात, आणि टूल बदलायची वेळ आलीच तर फक्त मांडणी पुन्हा करावी लागते. मांडणी कंटाळवाणी असते, पण तिच्यात चूक झाली तर डोळ्यांना दिसते. हिशोबाची चूक दिसत नाही.

याच्या विरुद्ध बाजूने एक आग्रह नेहमी येतो: 'आमच्या वापरकर्त्यांना स्वतः रिपोर्ट बनवता आले पाहिजेत.' विक्रेत्यांच्या प्रात्यक्षिकात वेबवरचा ड्रॅग अँड ड्रॉप डिझायनर हमखास दाखवला जातो आणि बैठकीत सगळ्यांचे चेहरे खुलतात. माझा अनुभव असा की वापरकर्त्याला रिपोर्ट बनवायचा नसतो, त्याला आकड्यांशी खेळायचं असतं, आणि त्यासाठी त्याच्याकडे एक्सेल आधीच असतं. त्याला चांगला व्ह्यू आणि स्वच्छ एक्स्पोर्ट द्यावा. वेब डिझायनर द्यायचाच तर तो त्या तयार व्ह्यूंवरच चालावा, मूळ टेबलांवर नको. नाहीतर 'रद्द झालेली इनव्हॉइस वगळायची' हे माहीत नसलेला माणूस अगदी सुबक रिपोर्ट बनवेल आणि तो कुणाच्या तरी टेबलावर खरा म्हणून जाईल.

एक्सेलचा विषय निघालाच आहे तर जरा थांबतो. प्रत्येक टूलच्या यादीत 'एक्सेल एक्स्पोर्ट' समोर बरोबरची खूण असते. त्या खुणेला फार अर्थ नसतो. पानासाठी बनवलेला रिपोर्ट एक्सेलमध्ये काढला की शीर्षकाची चौकट आणि खालचे रकाने यांच्या कडा तंतोतंत जुळलेल्या नसतील तर एसएसआरएस सेल मर्ज करतं, आणि मर्ज झालेल्या सेलवर सॉर्ट चालत नाही. काही टूल्स आकडे मजकूर म्हणून पाठवतात, मग एक्सेलचं बेरजेचं 'सम' फंक्शन शून्य दाखवतं. ओळींची मर्यादा हा त्यातला गंभीर भाग. जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ ओळी मावतात, २००७ पासूनच्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत प्रयोगशाळांकडून आलेला डेटा जुन्या एक्सएलएस साच्यांत भरला जात होता. मर्यादेपलीकडच्या ओळी गळाल्या आणि कोविडचे १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधण्याचं कामही त्यामुळे लांबलं. मर्यादा असणं ठीक. ती ओलांडली गेली हे कुणालाच न कळणं भयंकर. म्हणून मी प्रत्येक टूलला मर्यादेपेक्षा जास्त ओळी मुद्दाम देतो आणि ते काय करतं ते बघतो. जे ओरडून थांबतं ते मला चालतं. जे गुपचूप कापतं ते पहिल्याच दिवशी यादीतून जातं.

असाच ताण सर्व्हरवरही देऊन बघावा लागतो. डेस्कटॉपवर एक माणूस एक रिपोर्ट काढायचा. वेबवर महिनाअखेरच्या दुपारी सगळे एकदम काढतात. क्रिस्टलच्या रनटाइममध्ये एकावेळच्या प्रिंट जॉबची मर्यादा मुळात ७५ असते, आणि कोडमध्ये रिपोर्टचा ऑब्जेक्ट काम झाल्यावर बंद केला नाही तर ते जॉब साचत जातात. टेस्टिंगमध्ये सगळं सुरळीत, आणि खऱ्या वापरात अचानक 'मर्यादा संपली' असा संदेश. जॅस्परमध्ये मोठ्या रिपोर्टची पानं मेमरीऐवजी डिस्कवर ठेवण्यासाठी व्हर्च्युअलायझर आहे, पण तो आपण लावायचा असतो. हेडलेस क्रोम म्हणजे सर्व्हरवर चालणारा एक अख्खा ब्राउझर. त्याची मेमरी धरून चालावं लागतं. कुठलंही टूल असलं तरी मोठा रिपोर्ट वेब रिक्वेस्टच्या आत बनवू नये, रांगेत टाकावा आणि तयार झाल्यावर कळवावं. क्वेरी शक्यतो डेटाबेसच्या रीड-रेप्लिकावर, म्हणजे फक्त वाचण्यासाठीच्या प्रतीवर, चालवावी. आणि रिपोर्टचा क्रमांक किंवा ग्राहकाचा आयडी यूआरएलमध्ये बदलला तर दुसऱ्याचा रिपोर्ट उघडतो का, हे एकदा स्वतः करून बघावं. एंट्रीच्या स्क्रीनवर परवानग्या काटेकोर असतात आणि रिपोर्टच्या दारावर पहाराच नसतो, असं बऱ्याचदा दिसतं.

लायसन्सबद्दल थोडक्यात. कुणी डेव्हलपरमागे पैसे घेतं, कुणी सर्व्हरमागे, कुणी प्रोसेसरच्या कोअरमागे, कुणी नावानिशी वापरकर्त्यामागे. आजच्या आकारावर हिशोब न करता ॲप्लिकेशन चौपट वाढल्यावरचा हिशोब करावा. ओपन सोर्स म्हटलं की सगळं मोकळं असंही नाही. आयटेक्स्टने २००९ मध्ये पाचव्या आवृत्तीपासून एजीपीएल लायसन्स घेतलं. नेटवर्कवरून वापर झाला तरी आपला कोड खुला करण्याची अट त्यात येते, नाहीतर व्यावसायिक लायसन्स विकत घ्यायचं. जॅस्पर म्हणूनच बराच काळ त्याआधीच्या आवृत्तीवर थांबून राहिलं. आपण निवडलेल्या टूलच्या पोटात कुठल्या लायब्ररी आहेत, त्यांची यादी मागून घ्यावी.

मग निवड करायची कशी? विक्रेत्याच्या नमुन्यांवर कधीच नाही. नमुन्यात डेटा सरळ असतो. आपल्याकडचा सगळ्यात अवघड रिपोर्ट घ्यावा, ज्याचं नाव काढलं की टीममधले लोक एकमेकांकडे बघतात तो. शिल्लक टूल्समध्ये तोच एक बांधावा, दुसरा कुठला नाही. मग त्याला एकही ओळ नसलेला डेटा द्यावा, एकच ओळ असलेला द्यावा, पानात न मावणारं वर्णन द्यावं, उणे रकमा द्याव्यात, नावाच्या जागी रिकामी जागा द्यावी. ज्याने तो बांधला त्याला सोडून दुसऱ्या कुणालातरी त्यात एक रकाना वाढवायला सांगावं आणि शेजारी बसून बघावं. किती वेळ लागतो यापेक्षा तो कुठे अडखळतो ते बघावं. कारण पाच वर्षांनी तो रिपोर्ट बदलणारा माणूस आज टीममध्ये नाही, आणि त्याला विचारायला आपण तिथे असणार नाही.

आज जावावर नवीन काम असेल आणि खतावणीसारखे भरपूर पानांचे रिपोर्ट असतील तर मी जॅस्पर घेईन. मायक्रोसॉफ्टच्या घरात असेन आणि सर्व्हरचं लायसन्स आधीच असेल तर आरडीएलच्या वाटेने जाईन. एक-दोन पानांची कागदपत्रं असतील तर एचटीएमएल आणि हेडलेस क्रोम. क्रिस्टलचे दोनशे रिपोर्ट धड चालत असतील तर ते नुसते जुने झाले म्हणून हलवणार नाही. आधी त्यांच्यातले फॉर्म्युले एकेक करून व्ह्यूमध्ये आणेन. तेवढं झालं की टूल बदलणं हे काही महिन्यांचं, अंदाज बांधता येण्याजोगं काम होतं.

आणि बदलायचं ठरलंच, तर जुनं टूल एका रात्रीत बंद करू नये. दोन्हीकडचे रिपोर्ट निदान एका महिनाअखेरीला शेजारी-शेजारी काढावेत, शक्य असेल तर वर्षअखेरीलाही, कारण वर्षअखेरीला असे हिशोब होतात जे एरवी कधीच होत नाहीत. दोन्हींच्या बेरजा तपासायला डेव्हलपर बसवू नये, ज्यांची सही होणार आहे त्यांनाच बसवावं. जिथे फरक निघेल तिथे नवं टूलच चुकलं असं गृहीत धरू नये. बरेचदा जुना रिपोर्टच कित्येक वर्षं एखादी नोंद दोनदा मोजत असल्याचं तेव्हा बाहेर येतं. त्या प्रत्येक फरकाचं कारण लिहून ठेवावं, दुरुस्ती कुठे करायची ते अकाउंट्सकडून ठरवून घ्यावं, आणि फरकांची यादी रिकामी झाल्यावरच जुना सर्व्हर उतरवावा.